दमलेला येशू आणि पंडिता रमाबाई

आजचा वाचनभाग : योहान ४:१–३० आणि योहान ११:३२–३६



शोमरोनी स्त्रीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. या अध्यायावर संदेश ऐकलेला नाही असं माणूस मंडळीत सापडायचं नाही. बहुतेक संदेश जिवंत पाण्यावर असतात, नाहीतर आत्म्याने आणि खरेपणाने करायच्या उपासनेवर. मी मात्र दर वेळी सहाव्या वचनापाशी अडकते. येशू चालून चालून दमला आहे. भर दुपारची वेळ. याकोबाच्या विहिरीवर तो तसाच टेकला आहे. शिष्य गावात खायला आणायला गेलेत, म्हणजे पोटात भूकही असणार. पाणी समोर आहे पण खोल आहे, आणि याच्याजवळ पोहरा नाही. काना गावच्या लग्नात ज्यानं रांजणच्या रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, तोच दोन अध्यायांनंतर एका परक्या बाईकडे घोटभर पाणी मागतो.

हा अध्याय एका मराठी बाईच्या आयुष्यात फार खोलवर गेला. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात, शारदा सदन, स्त्रीशिक्षण, विधवांचा आश्रम, की संपलं. मंडळीत नाव निघतं ते केडगावचं मुक्ती मिशन आणि १९०५ चं संजीवन एवढ्यापुरतं. आज मला त्यांचं आयुष्य दुसऱ्या बाजूनं सांगायचं आहे. भूक, थकवा, लाज, एकटेपण, रडू. यातलं काहीच त्यांना चुकलं नाही, आणि माझ्या मते त्यांना येशू भेटला तो याच वाटेवर.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस, त्यापायीच रानात आश्रम बांधून राहिलेला. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंबानं तो आश्रम सोडला आणि तीर्थयात्रा सुरू झाली. या तीर्थाहून त्या तीर्थाला जायचं, देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं. रमाबाईंना शिकवलं आईनं, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर घरकाम आणि चालणं, त्यामुळे शिकवायला वेळ एकच, पहाटे पाखरं उठायच्या आधी. झोपेनं जड झालेल्या लेकीला जमिनीवरच्या अंथरुणातून अलगद उचलायचं, लाडानं जागं करायचं आणि मग श्लोक म्हणून घ्यायचे. पुढे अमेरिकेत लिहिलेलं आपलं गाजलेलं इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी या आईच्याच स्मृतीला अर्पण केलं. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना पाठ होते, असं आपण कौतुकानं सांगतो. मला त्यात ती पहाटेची आई दिसते.

मग दुष्काळ आला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि पोटापाण्यात संपलं. दागिने गेले, भांडी गेली. अंगमेहनतीची कामं कुणाला येत नव्हती आणि भीक मागायची लाज वाटे. शेवटचा तांदूळ संपल्यावर हे लोक रानात गेले, मरायचं तर तिथेच म्हणून. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. म्हाताऱ्या वडिलांची दृष्टी गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, मुलांना एकेक करून जवळ घेतलं, निरोप घेतला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी काहीही काम करीन, आता ब्राह्मण्याचा मान बाजूला ठेवू. म्हणून समाधी टळली. पण वडील वाचले नाहीत. ते १८७४ साल.

पाठोपाठ आई. तापानं फणफणलेल्या आईला काहीतरी खावंसं वाटत होतं, म्हणून सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडे भाकरी मागायला गेली. दारात उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. डोळ्यांतून नाकातून पाणी वाहायला लागलं. त्या बाईनंच ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. आभारसुद्धा मानता आले नाहीत, इतकी लाज. पळत आईकडे आणला, तर आईला तो खाता येईना. आई गेली. स्मशान लांब होतं आणि खांदा द्यायला माणसं नव्हती. दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघं, भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीनं लहान, तिचा खांदा बाकीच्यांना पुरेना, म्हणून आईच्या तिरडीचा आपल्या बाजूचा भार तिनं डोक्यावर घेतला.

इथं मी वाचताना नेहमी थांबते. यावर मनन वगैरे काही सुचत नाही.

पुढे थोरली बहीणही गेली. उरले दोघं, रमा आणि श्रीनिवास. पायी, बहुतेक वेळा अनवाणी, अर्धपोटी, चार हजार मैलांवर चालले. उत्तरेला काश्मीरपर्यंत गेले. झेलमच्या काठी एका थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं तेव्हा या बहीण-भावांनी वाळूत दोन खड्डे खणले, थेट कबरीसारखे, त्यात झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. तीर्थं झाली, व्रतं झाली, उपास तर आपोआपच होत होते. आईवडिलांनी ज्या श्रद्धेपायी सगळं घालवलं तिच्यावरचा दोघांचा विश्वास या चालण्यात हळूहळू गळून पडला. सुशिक्षित घरात बसून देव नाकारणं वेगळं आणि हे वेगळं.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले आणि एकदम चित्र पालटलं. बाई माणूस शास्त्रार्थ करते, अस्खलित संस्कृत बोलते, हे पाहून तिथले पंडित चकित झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. याच शहरात दोघांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. तिथं पहिल्यांदा संस्कृतातलं पवित्र शास्त्र हातात पडलं. प्रार्थनेच्या वेळी सगळे लोक वळून आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले. यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय! आपण उपासनेत जे अगदी सवयीनं करतो ते बाहेरून आलेल्याला कसं दिसत असेल, याचा विचार कधीतरी करून बघा.

पण हे सुखाचे दिवस थोडेच टिकले. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. आता रक्ताचं कुणीही उरलं नाही. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. वेगळा प्रांत, वेगळी जात, म्हणजे समाजाच्या दृष्टीनं दोन्ही घरांतून बाहेर. आसामात सिलचरला संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. नाव ठेवलं मनोरमा.

सिलचरच्या त्या घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. ती तिथं कशी आली हे त्यांनाच माहीत नव्हतं. त्यांनी आवडीनं वाचली. ॲलन नावाचे एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन शास्त्र समजावू लागले. यजमानांना हे पसंत नव्हतं, आणि प्रश्न तिथंच राहिला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं बिपिनबिहारी गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची पोर.

त्याच लूकच्या सातव्या अध्यायात नाईन गावच्या विधवेची गोष्ट आहे. वेशीतून एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा बाहेर पडते आहे आणि समोरून येशू येतो. कुणी त्याला विनंती केलेली नाही. त्या बाईनं विश्वास दाखवला असंही लूक सांगत नाही. तिला पाहिलं आणि त्याला कळवळा आला, बस्स. तिथला ग्रीक शब्द पोटातल्या आतड्यांवरून आलेला आहे. आपण मराठीत आतडं तुटतं म्हणतो ना, अगदी तेच. ते पुस्तक त्या घरात होतं आणि त्याच घरात ही बाई विधवा झाली. हा जोड माझा आहे, रमाबाईंनी तो लिहिलेला नाही. पण मला तो सोडवत नाही.

पुढचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक आहे म्हणून भरभर सांगते. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठासून सांगितलं. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला म्हणून इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनीमंडळात राहिल्या. कान आधीपासूनच अधू होते आणि त्यामुळे डॉक्टर होणं राहूनच गेलं. परक्या देशात, परक्या भाषेत, नीट ऐकू न येता राहायचं. चारचौघांत बसूनसुद्धा बोलणं आपल्यापर्यंत पोचत नाही, हे एकटेपण ज्याच्या घरी कुणी ऐकू न येणारं माणूस आहे त्याला कळेल. आणि याच दिवसांत त्यांच्यासोबत भारतातून आलेल्या मैत्रिणीनं तिथं आत्महत्या केली. घरापासून हजारो मैलांवर हा घाव.

वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम पाहायला पाठवलं. समाजानं टाकून दिलेल्या, ज्यांचं नाव घ्यायलाही लोक कचरत, अशा बायका तिथं राहत होत्या आणि भगिनी त्यांची मायेनं काळजी घेत होत्या. रमाबाईंना हे नवं होतं. धर्मशास्त्रं तर त्यांनी कोळून प्यायलेली, पण अशा बाईशी प्रेमानं वागावं असं त्यांना कुठं सापडलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून एका भगिनीनं त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. आजचाच अध्याय. योहान चार.

आता जरा तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. चार हजार मैल चाललेली बाई ऐकते आहे की देवाचा पुत्र चालून दमला. भाकरी मागायला गेल्यावर शब्द फुटला नाही ती बाई ऐकते आहे की त्यानं स्वतः तोंड उघडून पाणी मागितलं, तेही जिच्या हातचं घेऊ नये असं त्याच्या समाजाला वाटे तिच्याकडे. विटाळ, जात, विधवेचं तोंड पाहू नये, हे सगळं जिनं भोगलं आणि पाहिलं ती ऐकते आहे की तो भर दुपारी, उघड्यावर, तिच्याशी बोलत बसला. पुढे रमाबाईंनी साक्ष दिली आहे की हा अध्याय वाचल्यावर येशू खरोखर तारणारा आहे हे त्यांना उमगलं. काशीचे नीळकंठशास्त्री, म्हणजे ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या पत्रांनी बुद्धीचे प्रश्न सुटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

साक्ष इथं संपायला हवी होती, नाही का? आपल्या साक्षीच्या सभांत ती इथंच संपते. मी अंधारात होते, प्रभू भेटला, हालेलूया. रमाबाई मात्र प्रामाणिक बाई. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आणि ही स्थिती थोडीथोडकी नाही, आठ वर्षं राहिली.

या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. भगिनी जेराल्डीन यांच्याशी सिद्धांतांवरून पत्रापत्री चालू होती. त्र्येकत्व म्हणजे काय, मंडळीचा अधिकार कुठवर, माझ्या विवेकबुद्धीचं काय? दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मान डोलावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला ११ मार्चला रमाबाई हजर होत्या. वर्षभरात आनंदीबाईही गेल्या. अमेरिकेतून मनोरमाला इंग्लंडला परत पाठवावं लागलं आणि आई एका खंडावर, लेक दुसऱ्या, असे दिवस काढावे लागले. भाषणं, प्रवास, पैसे उभे करणं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह झाला त्याच या आनंदीबाई कर्वे. नाव झालं, काम झालं. आणि आत कोरडं.

मला वाटतं, आपल्यातल्या पुष्कळांची हीच अवस्था असते आणि आपण ती कुणाला सांगत नाही. बाप्तिस्मा झालेला, प्रभुभोजन घेतो, रविवारी गाणं म्हणतो, कमिटीवरसुद्धा असतो. रात्री दिवा मालवल्यावर मात्र ज्याच्याशी बोलावं असं कुणी जवळ आहे असं वाटत नाही.

१८९१ मध्ये विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र त्यांनी वाचलं. हा पाळक बरीच वर्षं सेवा केल्यावर, स्वतःच व्यासपीठावर प्रवचन देत असताना पालटला होता. रमाबाईंना त्यात स्वतःची अवस्था दिसली. मग पुन्हा शास्त्र उघडलं. या वेळी वाद घालायला नाही, आसरा शोधायला. त्या सांगतात ते असं, की आपल्याजवळ देवाला द्यायला काहीच नाही हे कबूल केलं आणि जशा होत्या तशा त्या ख्रिस्ताकडे गेल्या. भाकरीच्या वेळी जे तोंडातून निघालं नव्हतं ते मागणं आता निघालं, असं मला म्हणावंसं वाटतं.

यानंतर त्यांची दुःखं थांबली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उलट दोनच वर्षांनी मोठं वादळ आलं. शारदा सदन तोवर पुण्याला हललं होतं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत, दार उघडं असे. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये गदारोळ उठला. केसरीनं झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे ज्यांच्या पाठिंब्यावर पुण्यातलं काम उभं होतं ते सल्लागार बाजूला झाले. पालक येऊन मुलींना घेऊन गेले. या वादात सगळा दोष एकाच बाजूचा होता असं मी म्हणणार नाही. धर्माच्या बाबतीत कुणाच्या मुलीवर दाब येऊ नये ही काळजी चुकीची नव्हती, आणि आपलं दार बंद करून प्रार्थना करायची नाही हा रमाबाईंचा आग्रहही मला समजतो. पण आपल्याला इथं बघायचं आहे ते हे की त्यांना किती लागलं असेल. योहानाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी पुष्कळ शिष्य येशूला सोडून जातात आणि तो उरलेल्या बारा जणांकडे वळून विचारतो, तुम्हीही जाता का? तो प्रश्न मी पूर्वी परीक्षा घेतल्यासारखा वाचत असे. हल्ली मला त्यात दुखावलेला आवाज ऐकू येतो.

मग १८९६–९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात लोक किड्यामुंग्यांसारखे मरत होते. रमाबाई स्वतः गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या पोरी, त्यांतल्या कित्येक माणसांच्या वाईट हातांत पडलेल्या. सोयीच्या अंतरावरून मदत पाठवता आली असती. पण या बाईला ते चेहरे ओळखीचे होते. पाला खाऊन काढलेले अकरा दिवस तिच्या अंगात होते. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेली जमीन होती, तिथं त्यांना नेलं. आधी झोपड्या, मग दगडी इमारती, विहिरी, शेती, माग, छापखाना. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन झालं, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. फुलहॅममध्ये जे पाहून आपण थक्क झालो तेच आता त्या स्वतः करत होत्या. दुसऱ्याचं दुःख कळायला नुसतं मोठं मन पुरत नाही, तिथं स्वतः जाऊन आलेलं असावं लागतं. इब्रीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आपल्या प्रमुख याजकाविषयी जे लिहिलं आहे ते याहून वेगळं काय आहे?

आता थोडं आपल्याकडे येते, आणि दुसऱ्या वाचनभागाकडे.

आपल्या ख्रिस्ती घरांत मयत झालं की भेटायला येणारे चांगल्या मनानंच सांगतात, रडू नका, ते प्रभूजवळ आहेत. विश्वासणाऱ्यानं रडू नये. माझी आई गेली तेव्हा मला हे इतक्या जणांनी सांगितलं की मी स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून रडत असे. म्हणजे आवाज बाहेर जायला नको. त्या आठवड्यात योहानाचा अकरावा अध्याय वाचला आणि मला आधार मिळाला तो शेवटी लाजर उठला म्हणून नव्हे. आई काही त्या आठवड्यात उठणार नव्हती. आधार मिळाला तो आधीच्या तीन-चार वचनांत. लाजर आता दोन मिनिटांत बाहेर येणार हे ज्याला ठाऊक आहे तोही मरीयेला रडताना पाहून रडतो. तिला गप्प बस म्हणत नाही. ग्रीकमध्ये मरीयेच्या आणि गावकऱ्यांच्या रडण्याला हंबरडा फोडण्याचा शब्द आहे, येशूच्या रडण्याला दुसरा, गालांवरून पाणी ओघळण्याचा. आणि त्याच्या आधी तो आतून ढवळून निघाला असं सांगताना योहानानं जो शब्द वापरलाय त्यात संतापसुद्धा आहे. मरणाचा संताप. म्हणजे चिडलेला आणि रडणारा, दोन्ही. नळ सोडायची गरज नव्हती हे मला तेव्हा कळलं.

रमाबाईंना तर हे शब्द एकेक करून हाताळावे लागले. आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं त्या संपूर्ण पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, केडगावच्या बायांना कुणी समजावून न देता कळावं म्हणून. त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतावर एवढी हुकमत असलेली बाई जड शब्द वेचून वेचून बाजूला ठेवत होती. मुक्तीच्याच छापखान्यात, ज्या मुलींना दुष्काळातून आणलं होतं त्यांच्यातल्याच मुली खिळे जुळवत होत्या. चालून दमलेला येशू, पाणी मागणारा येशू, रडणारा येशू, प्रत्येकाला शेतावरच्या बाईच्या तोंडी बसेल असा शब्द शोधायचा. कान आता जवळजवळ गेलेच होते. शब्द तेवढे सोबतीला.

मनोरमा आईचा उजवा हात झाली होती. शिकलेली, शाळा चालवणारी, मुक्तीची पुढची धुरा तिच्यावर असं सगळ्यांनी धरलेलं. २४ जुलै १९२१ रोजी ती मिरजेत गेली. चाळीस वर्षांची होती. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता ही. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, तब्येत खालावलेली. पण उरलेली मुद्रितं त्या तपासतच राहिल्या. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावात त्या प्रभूजवळ गेल्या. अखंड पवित्र शास्त्र छापून बाहेर पडलं ते दोन वर्षांनी, १९२४ मध्ये.

आज योहान चार वाचताना सहाव्या वचनावर मिनिटभर थांबा. घाई नको. त्याला अजून पाणी मिळालेलं नाही, आणि ती बाई घागर घेऊन नुकतीच वाटेला लागली आहे.

उद्याचा वाचनभाग : योहान ४:३१–४२